कोऱ्या पट्टीतली देवी

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या मुलीनं मला एका डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. ही मुलगी स्वतः मुलांच्या मनाचं काहीतरी शिकते आहे आणि तिला माझ्याबद्दल बऱ्याच दिवसांपासून संशय होता. डॉक्टरीणबाईंनी मला दोन तास प्रश्न विचारले. लहानपणी कसल्या आवाजाचा त्रास व्हायचा, लोकांच्या डोळ्यांत बघता यायचं का, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटायची का. मी सगळ्यांची खरी उत्तरं दिली, कारण मला दुसरी देता येत नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्हाला ऑटिझम आहे, मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात.

मी त्यांना सांगितलं की ज्यानं कुणी हा मराठी शब्द केला त्यानं आधी चार माणसांना विचारायला हवं होतं. स्वतःत मी आयुष्यात कधी मग्न नव्हते. स्वतःचा मला फार लवकर कंटाळा येतो. मी मोटेच्या आवाजात मग्न होते, वांग्यांच्या रंगांत होते आणि पुढची चाळीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या सिनेमांच्या तुकड्यांत होते. डॉक्टरीणबाई हसल्या. भाचीची मुलगी मात्र रडायला लागली, ते का, हे मला अजून कळलेलं नाही. मला तर इतका आनंद झाला होता की परत येताना मी रिक्षावाल्यालाही ही बातमी सांगितली.

घरी आल्यावर वाटलं, हे सगळं जिथं सुरू झालं ते एकदा लिहून काढावं. सुरू झालं ते शेलूबाजारला, आमच्या मळ्याच्या बांधाला लागून उभ्या राहिलेल्या एका तंबूत. साल पन्नासनंतरचं. मला बारावं लागलं होतं.

आमचा मळा रस्त्याला लागून होता. वांगी, मिरची, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, पिवळं आंबट पाणी नव्हे. विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून उतरायला लागले की चाक कुरकुरायचं, मोट वर यायची, पाणी थारोळ्यात ओतलं जायचं आणि बैल मागं मागं चढत वर जायचे. हे सकाळपासून उन्हं चढेपर्यंत चालायचं. एक मोट वर येऊन रिकामी व्हायला माझे पंचेचाळीस आकडे लागायचे. बैल थकले की पन्नास. घड्याळ आमच्याकडं नव्हतं आणि मला त्याची गरजही नव्हती.

बाजाराच्या दिवशी ढीग लावायचं काम माझं. ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नसे. वांगं मिरचीशेजारी ठेवलं की निळसर दिसतं, मेथीशेजारी ठेवलं की काळं दिसतं आणि पांढऱ्या मुळ्याशेजारी ठेवलं की ताजं नसलं तरी ताजं दिसतं. वांगं तेच असतं. शेजारी कोण बसलं आहे त्यावर त्याचा चेहरा ठरतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि इतरांना ते दिसत कसं नाही याचं मला नवल वाटायचं. माय म्हणायची, भाजी इकायची हाय, नवरी नाई सजवायची. पण आमचा ढीग आधी संपायचा, म्हणून ती फार बोलत नसे.

बाकी बाबतीत माझ्यामुळं तिला बोलणी खावी लागत. लग्नघरी बायकांच्या हातभर बांगड्या एकदम वाजल्या की मी कानांवर हात ठेवून खाली बसायचे. कुणी गाल ओढले की ओरडायचे. मास्तरांनी तिसरीत असताना सांगितलं होतं की हिला तीसपर्यंतचे पाढे येतात, पण ही मान वर करत नाही, त्यामुळं मारायचं की शाबासकी द्यायची तेच कळत नाही. मग शाळा सुटली. गावात मला भैताड म्हणत, म्हणजे वेडी. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण म्हणणारी माणसं मला त्याहून भैताड वाटत. मायला मात्र वाटायचं. ते तिच्या भांडी घासण्याच्या आवाजावरून मला कळायचं.

चैत्रात तंबूवाले आले. टुरिंग टॉकीज म्हणा, पण आम्ही तंबूच म्हणायचो. पोहरादेवीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या रामनवमीच्या आधी आमच्या गावावरून जायच्या आणि एक मुक्काम इथं करायच्या, म्हणून तंबूच्या मालक शेटजींनी आमच्या पडीक तुकड्यात तंबू ठोकला. जागेच्या बदल्यात आमच्या घरच्यांना रोज सिनेमा फुकट.

पहिल्या दिवशी बाबा मला बळेच घेऊन गेले. आत गर्दी, घाम, बिड्या, रडणारी पोरं. मी उठून पळणार तेवढ्यात मागं ताडपत्रीच्या खोपटात मशीन सुरू झालं. खड खड खड खड, एकही ठोका न चुकता. मला ते मोटेइतकंच भरवशाचं वाटलं. मी बाबांचा हात सोडला, मागं सरकले आणि त्या ताडपत्रीला पाठ लावून बसले. तिथून मला पडदा दिसत होता आणि पाठीला मशीनची थरथर लागत होती. मी त्या दिवशी फार सुखात होते.

सिनेमा देवीचा होता. एक कुंभारीण असते. दुष्काळ पडतो, तिचं लेकरू जातं, गाव तिला पांढऱ्या पायाची म्हणतं. ती चाक फिरवत राहते, मडकी घडवत राहते. शेवटी आव्यात मडकी भाजताना जाळातून देवी प्रकट होते, तिला दर्शन देते आणि सगळं ठीक होतं. लोक रडायचे, हसायचे. मी दुसऱ्याच कामात होते. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की हा सिनेमा सलग नाहीच. तो तुकड्यांचा आहे. कुंभारणीचा हात, मग चाक, मग तिचे डोळे, मग आभाळ. कुणीतरी बसून ढीग लावला आहे. आणि ज्यानं लावला त्याला वांगं कुणाशेजारी ठेवायचं ते माझ्यासारखंच कळतं. मी कधी न पाहिलेल्या त्या माणसावर माझा जीव जडला.

सहाव्या दिवशी कुंभारणीचं चाक चार फेऱ्यांऐवजी तीनच फेऱ्या फिरलं. मी उभी राहून मोठ्यांदा विचारलं की तिची चौथी फेरी कुठं गेली. सगळा तंबू मागं वळून बघायला लागला. मी पुन्हा विचारलं, कारण उत्तर आलं नव्हतं. मग बाबांनी मला उचलून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं निकाल दिला. रामनवमी झाली की मला मेडशीला मामाकडं धाडायचं. मामाच्या घरी चौदा माणसं, मामी कडक, तिनं तिच्या दोन पुतण्यांना सरळ केलं होतं म्हणे. मामीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या असत आणि ती बोलताना समोरच्याचं तोंड हनुवटीला धरून आपल्याकडं वळवायची. मी मायला सांगितलं की मी तिथं मरून जाईन. मी उगाच बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. माय म्हणाली, "इथं राहून बी कोन्ती जगून राह्यली व तू?" आणि पाठ फिरवून चुलीशी गेली.

त्याच सकाळी मशीनवाले चाचा मळ्यात आले. कारंज्याकडचे, पन्नाशीचे, बोटं कायम काळी. चौथी फेरी कुणी विचारली, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांना वाटलं तक्रार आली, ते माफी मागायला लागले. चाचांनी खिशातून वीतभर फिल्म काढून माझ्यासमोर धरली. पट्टी फाटली म्हणून त्यांनी तेवढी कापून उरलेली जोडली होती. वीस वर्षं ते असं कापत आणि जोडत आले होते आणि आजवर एकाही माणसाला ते कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून दुपारी मी चाचांच्या खोपटात. बाबाही यायचे, कारण पोरीला परक्या माणसाजवळ एकटं सोडायचं नाही. ते कोपऱ्यात बसून मिरच्यांचे देठ काढायचे. चाचांनी मला पट्टी उन्हाकडं धरून बघायला शिकवली, एका चित्राला चार भोकं असतात ते दाखवलं, ब्लेडनं कडा खरवडून, लेप लावून, दहा आकडे दाबून धरायचं शिकवलं. त्या लेपाचा वास गोड होता आणि डोक्यात जायचा. त्यांच्याकडं पत्र्याचा एक मोठा डबा होता. कुठल्या कुठल्या गावी फाटलेले, कापलेले तुकडे ते त्यात टाकायचे. मी तो डबा रिकामा केला आणि सगळे तुकडे सिनेमाच्या क्रमानं लावले. चाचा म्हणाले, बेटा, ये तो कचरा है. मी म्हटलं, नाही, ही कुंभारीण आहे.

मला आनंद लपवता येत नाही. मला आनंद झाला की माझे हात मनगटापासून फडफडायला लागतात, अजूनही लागतात. चाचांच्या खोपटात ते दिवसभर फडफडत. चाचा फक्त लेपाची बाटली थोडी लांब ठेवायचे.

आता त्या संध्याकाळचं सांगते. रामनवमीला दोन दिवस होते आणि दुसऱ्या दिवशी गाड्या येणार होत्या. तंबूत एक रीत पडली होती. पडद्यावर देवी प्रकट झाली की बायका ताट घेऊन उठायच्या, कापूर लावायच्या, पडद्यासमोर आरती ओवाळायच्या. पण सिनेमातली देवी माझ्या वीस आकड्यांत अंतर्धान पावायची आणि आरती अर्ध्यात राहायची. रोज लोक ओरडायचे, थांबवा. चाचा रोज ऐकलं न ऐकलं करायचे, कारण पट्टी दिव्यासमोर थांबली की जळते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या दिवशी गावातली एक फार मान असलेली म्हातारी बाई आली होती. तिला उठून उभं राहायलाच वेळ लागला. शेटजींना राहवलं नाही, त्यांनी मागं वळून हुकूम सोडला, मशीन थांबवा. आणि चाचांनी थांबवलं.

देवी पडद्यावर स्थिर झाली. म्हातारीनं ताट वर उचललं. मग तिच्या कपाळावर एक तपकिरी ठिपका आला, तो मोठा झाला, त्याला बुडबुडे आले. लोकांना वाटलं देवीनं तिसरा डोळा उघडला. निम्मा तंबू साष्टांग आडवा झाला. मी ताडपत्री उचलून आत बघितलं तर चाचा पेटलेली पट्टी हातांनी ओढून तोडत होते. तेव्हाची फिल्म कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवाणी पेटायची. त्यांनी बाकीचं रीळ वाचवलं, तंबू वाचवला, पण उजवा तळवा भाजून निघाला आणि देवीचा प्रवेश पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत जळून गेला.

सकाळी शेटजी खोपटात उभे राहून बोलले. चूक त्यांचीच होती, म्हणून आवाज जास्त चढला होता. गाड्या येणार, लोक देवी बघायला येणार, आणि देवी दिसली नाही तर लोक तंबू उखडतील. चाचांनी काहीही करावं, नाहीतर कारंज्याची वाट धरावी. दुसरी प्रत मागवायला वेळ नव्हता. शेटजी गेल्यावर चाचा फडकं गुंडाळलेल्या हाताकडं बघत बसले. त्यांना कात्रीसुद्धा धरता येत नव्हती.

मी हिशोब करत होते. तंबू उठला तर मी आजच मेडशीला. तंबू राहिला तरी परवा मेडशीला. म्हणजे माझ्याजवळ फार तर दोन दिवस होते, आणि ते मला त्या खोपटातच हवे होते. मी चाचांना म्हटलं, "कात्री मले द्या."

त्यांनी विचारलं, देवी कुठून आणशील? मी म्हटलं, देवी नाही आणायची. आजूबाजूचं आणायचं.

हे मी तेव्हा जितकं धड सांगितलं तितकंच आजही सांगू शकते. देवी हा एक तुकडा होता. तो गेला. पण तो तुकडा चांगला नव्हताच. पत्र्याचा मुकुट घातलेली एक लठ्ठ बाई हात वर करून उभी होती, आणि तिच्या काखेत साडीची पिन दिसायची. चांगले होते ते शेजारचे तुकडे. डब्यात चौथ्या फेरीचा तुकडा होता, त्यात चाक थांबता थांबता हात अलगद उचलला जातो. दुष्काळातला एक तुकडा होता, त्यात कुंभारीण ढग आला का म्हणून मान वर करते. आणि लेकरू गेल्यावरचा एक होता, तोंडभर आसवं, ओठ थरथरताहेत. मी ते दोरीवर एकाशेजारी एक चिमट्यांनी लावले. चाक थांबलं. हात उचलला. डोळे वर गेले. मग रिकामी जागा. मग रडणारा चेहरा. आणि त्या रिकाम्या जागेशेजारी आल्याबरोबर ते रडणं दुःखाचं राहिलं नाही. मी मिरच्यांशेजारचं वांगं पाहिल्यासारखी ते बघत राहिले आणि माझे हात इतके फडफडले की एक चिमटा तुटला.

चाचा दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. मग त्यांनी विचारलं, और बीचमें क्या? मी म्हटलं, काही नाही. कोरी पट्टी. नुसता उजेड.

कोरी पट्टी त्यांच्याकडं हातभरच होती. मला पाहिजे होती एक मोट वर येऊन रिकामी होईल इतकी, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हात. एवढं लांब कुणी बघणार नाही, लोक शिट्ट्या मारतील, असं चाचांचं म्हणणं. मी म्हटलं, आरतीला तेवढं लागतं, मी रोज मोजलं आहे. मग त्यांनीच युक्ती सांगितली. दुसऱ्या एका जुन्या सिनेमाचं निकामी रीळ होतं, ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून घासलं तर चित्रं निघून जातात आणि खाली काचेसारखी कोरी पट्टी उरते. बाबा घरी जाऊन मायकडून तापलेल्या पाण्याचा पितळी गुंडा घेऊन आले. पाठोपाठ मायही आली, माझ्या काळ्या पाण्यात बुडालेल्या हातांकडं तिनं पाहिलं, दोरीवर लटकणाऱ्या पट्ट्यांकडं पाहिलं आणि परत गेली. एका पूर्ण लढाईची चित्रं मी त्या दिवशी धुऊन टाकली. हत्तीसुद्धा.

आवाजाचं चाचांनी सांभाळलं. पट्टीच्या कडेला आवाजाची रेघ असते आणि ती चित्राच्या थोडी पुढं चालते, म्हणून तुकडा कुठं कापला की आवाज कुठं तुटतो ते त्यांनी मला बोटानं दाखवलं. कोऱ्या पट्टीला आवाज नसतोच. तिथं फक्त मशीन ऐकू येणार होतं. मी म्हटलं, तेवढं पुरे.

दिवेलागणीला गाड्या सोडून माणसं तंबूत आली. इतकी की कनात वर करावी लागली. तांड्यावरच्या बायका आरशांच्या ओढण्या घेऊन, गावातले सगळे, माय, बाबा, ती मानाची म्हातारी बाई आज आधीपासूनच ताट धरून उभी. मी नेहमीच्या जागी ताडपत्रीला पाठ लावून होते. पाठीमागं चाचा डाव्या हातानं मशीन चालवत होते. मला माहीत होतं की माझे जोड धरले नाहीत तर पट्टी तिथंच तुटेल आणि सगळ्यांना कळेल की देवीच्या जागी भैताड पोरीनं काहीच ठेवलेलं नाही.

आवा पेटला. चाक हळू झालं. हात उचलला गेला. कुंभारणीनं मान वर केली. आणि पडदा पांढरा झाला.

शिट्टी कुणीच मारली नाही. मशीन खड खड करत होतं. धुतलेल्या पट्टीवरचे ओरखडे उजेडात वर-खाली नाचत होते. मी तेव्हा एक गोष्ट केली जी आधी कधी केली नव्हती. मी उठले, माणसांच्या कडेकडेनं पुढं गेले आणि पडद्याकडं पाठ करून उभी राहिले. मला पडदा बघायचा नव्हता, तो मला पाठ होता. मला माणसं बघायची होती. पडद्याचा उजेड परतून त्यांच्यावर पडला होता आणि तंबूतला एकेक चेहरा स्वच्छ दिसत होता. सगळे माझ्या डोक्यावरून वर बघत होते. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, म्हणून मला त्यांच्याकडं बघता येत होतं. माणसांचे डोळे इतके सुंदर असतात हे मला बारा वर्षांत ठाऊक नव्हतं. मग त्या म्हातारीनं ताट उचललं, कुणीतरी जयजयकार केला, बांगड्या वाजल्या, शेकडो बांगड्या, आणि मी कानांवर हात ठेवले नाहीत. पंचेचाळिसाव्या आकड्याला रडणारा चेहरा आला आणि तंबू आनंदानं रडला.

बाहेर पडताना जो तो देवीचं वर्णन करत होता. कुणी म्हणे हिरवी साडी, कुणी म्हणे लाल. तांड्यावरच्या एका बाईनं नथीतले मोती सांगितले. शेटजी चाचांना विचारत होते की जळालेली पट्टी नीट कशी केली, आणि चाचा आभाळाकडं बोट दाखवत होते. मी सगळ्यांच्या मागं मागं चालत होते. मला खोटं बोलता येत नाही आणि कुणीतरी विचारणारच होतं.

विचारलं मायनंच. चार बायकांसमोर ती म्हणाली, "तुले दिसली का व देवी?"

मी म्हटलं, "मले उजेड दिसला."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग माय सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मले दिसली. देवी माह्याकडे पाहून हासली."

दोन दिवसांनी मामा गाडी घेऊन आला. माझं गाठोडं बांधलेलं होतं आणि मी त्यावर बसून दात खात होते. मायनं मामाला पाणी दिलं, जेवू घातलं आणि मग सांगितलं, "पोट्टी नाई येऊन राह्यली भाऊ. तिचं इथं काम हाय." मामानं काहून म्हणून विचारलं. ती म्हणाली, देवीनंच सांगितलं. देवीशी मामा काय वाद घालणार. तो वांगी घेऊन परत गेला. मी गाठोड्यावरून उठून विहिरीपर्यंत पळत गेले आणि तिथं हात दुखेपर्यंत फडफडवले.

तंबू पुढची चार वर्षं येत राहिला आणि दर वर्षी फाटलेल्या सिनेमांचा डबा माझ्यासाठी भरून यायचा. नंतर चाचांच्या ओळखीनं मी मुंबईला एका स्टुडिओत पट्ट्या जोडणाऱ्या बायांत लागले, बाबा महिनाभर सोबत राहिले, आणि पुढं मी कापायचं काय आणि ठेवायचं काय हे ठरवणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचले. तिथं माझ्या न बोलण्याला लोक एकाग्रता म्हणत. एका चित्राची चूक मला खुपते, याचा गावात वैताग होता, इथं त्याचा पगार मिळायचा. सिनेमावाले अंधाऱ्या खोलीत येऊन बसत आणि मला माझ्या पाठीमागून विचारत की हा प्रसंग हलत का नाही. बहुतेक वेळा मी त्यातली देवी काढून टाकायचे.

पण मायवर माझा एक राग होता, तो मी वर्षानुवर्षं सोडला नाही. तिनं चार बायकांसमोर खोटं सांगितलं होतं. माझं भलं झालं, हे मान्य. तरी खोटं ते खोटं. मी चाळिशीत असताना ती एकदा माझ्याकडं राहायला आली, माझ्या कामाच्या खोलीत स्टुलावर बसली, दिवसभर मला पट्ट्या कापताना पाहत राहिली. संध्याकाळी मी तिला सरळ विचारलं की तुला देवी दिसलीच कशी. तिथं देवी नव्हती, कोरी पट्टी होती, ती मी स्वतः धुतली होती, आणि धुताना तू पाहिलं होतंस.

माय म्हणाली, "मी पडद्याकडे पाह्यलंच नाई. उजेड झाला अन् साऱ्यायचे तोंडं तिकडे. तू एकटी उलटी उभी होती. लोकायच्या तोंडाकडे पाहून हासून राह्यली होती. मंग पाहता पाहता माह्याकडे पाह्यलं तू. डोयात डोये घालून. बारा वर्सात पह्यल्यांदा."

तिनं पदरानं नाक पुसलं. "मी सांगतलं, देवी माह्याकडे पाहून हासली. त्यात खोटं काय बोलली मी?"

मी मशीन बंद केलं. मग तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. अवघड जात होतं, म्हणून मनात आकडे मोजत होते. पंचेचाळीसपर्यंत मोजले आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.